धुराची उलटी वाट

"मी खोटा दाखला दिलेला नाही," हितेश ठाकूर म्हणाला. "आणि दिला असेन, तर एका पोरीला मीच आजारी पाडलंय. यातलं खरं काय, ते तुम्ही शोधून सांगा."

हफ्सा मुकादमने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. पेणच्या रामवाडीतलं तिचं ऑफिस महामार्गाला इतकं चिकटून होतं, की ट्रक गेला की ग्लासातलं पाणी थरथरायचं. विमा कंपनीत दाव्यांच्या चौकशा करून कंटाळल्यावर तिने ही स्वतःची तपाससंस्था काढली होती. संस्थेत माणसं दोन. एक ती, दुसरे बाबाजी म्हात्रे.

बाबाजी दाराजवळच्या स्टुलावर बसून ऐकत होते. पेण आगारात एसटी चालवून ते निवृत्त झाले होते. हफ्साचे वडील नूरमहंमद त्यांचे कंडक्टर. पेण-रोहा गाडीवर दोघांची जोडी वर्षानुवर्षं फुटली नाही. नूरमहंमद गेले, तेव्हापासून बाबाजी हफ्साची गाडी चालवायचे. पगाराचं कधी बोलणं झालंच नाही. तपासातलं त्यांना फार कळायचं नाही, आणि हे ते स्वतःच आधी सांगून टाकायचे.

"पहिल्यापासून सांगा," हफ्सा म्हणाली. "आमच्या चाचांना समजेल असं."

हितेशने मांडीवरची बॅग खाली ठेवली. "रोह्याला अष्टमीत टिपणीस मॅडमची लॅब आहे. तिथे टीबीसाठी थुंकीचे नमुने तपासतात. उघड्यावर डबी उघडली तर जंतू हवेत उडतील, म्हणून बायोसेफ्टी कॅबिनेट असतं. मोठ्या कपाटाएवढी पेटी. समोर काच, काचेखाली हात घालण्यापुरती फट. आतला पंखा त्या फटीतून खोलीतली हवा सतत आत ओढतो, आणि वरून गाळलेली हवा खाली सोडतो. त्यामुळे बसलेला माणूस आणि जंतू यांच्यामध्ये हवेचा पडदा तयार होतो."

"म्हणजे पडदा फाटला की माणूस उघडा," बाबाजी म्हणाले.

"बरोबर. पडदा दिसत नाही, म्हणून आम्ही धूर सोडून बघतो. फटीपाशी धूर धरला की तो आत गेला पाहिजे. बाहेर आला तर पेटी नापास. दिवाळीनंतर मी तिथलं कॅबिनेट तपासलं, धूर सरळ आत गेला. वेग मोजला, फिल्टर बघितला, सगळं ठीक. होळीच्या सुमारास तिथली टेक्निशियन आजारी पडली. प्रतिक्षा भोईर. टीबी. मग त्यांनी मुंबईची कंपनी बोलावली, आणि त्यांच्या तपासणीत धूर बाहेर आला! आता सगळे म्हणतात, हितेशने घरी बसून दाखला लिहिला. जिल्ह्यातल्या एकाही लॅबचा फोन येत नाही."

"तुम्ही तपासलंत तो वार कोणता?"

"रविवार. तपासणीला काम बंद ठेवावं लागतं, म्हणून मी रविवारीच जातो."

हफ्साने मान हलवली. "चाचा, गाडी काढा. आधी हमरापूर."

"हमरापूर कशाला? लॅब तर रोह्याला."

"आजारी मुलगी हमरापूरची आहे. हितेशनी फोनवर सांगितलं होतं."

हमरापुरात मे महिना म्हणजे गणपतींचा महिना. भोईरांच्या अंगणात, पडवीत, अगदी गोठ्यातही मूर्ती वाळत होत्या. प्रतिक्षा त्या सगळ्यापासून दूर, आंब्याखाली खुर्ची टाकून बसली होती. तोंडाला मास्क, हातापायांच्या काड्या. डॉक्टरांनी आता तिच्यापासून कुणाला धोका नाही म्हणून सांगितलं होतं, तरी ती जवळ येऊ देत नव्हती.

"लांबच बसा," ती म्हणाली. "घरच्यांना पण सांगते मी तसं."

"कॅबिनेटबद्दल विचारायचंय," हफ्सा म्हणाली. "तुला कधी शंका आली होती?"

"नाय. म्हणजे... थंडीत त्याचा अलार्म वाजायला लागला होता. दुपारचा. मी प्रविणसरांना सांगितलं. सरांनी दुरुस्त करून घेतला, मग नाय वाजला. वाजायचा बंद झाला म्हणून मी निश्चिंत झाले." तिचे डोळे भरले. "त्या हितेश ठाकूरला मी फोनवर नको नको ते बोलले. त्याने नीट तपासलं असतं तर मी आज अशी बसले नसते."

बाबाजींना तिच्याकडे बघवेना. पडवीत तिचा भाऊ मूर्तीचे डोळे रेखत होता, तिकडे ते बघत राहिले.

निघताना प्रतिक्षाने हाक मारली. "ताई, लॅबमध्ये जाणार ना? जगनतात्या कामावर हायत ना अजून? त्यांना कुणी काय बोललं नाय ना?"

"का गं, बोलायला काय झालं?"

"काय नाय. म्हातारे हायत, म्हणून विचारलं."

नागोठणं मागे पडलं आणि गाडी भिसे खिंडीला लागली, तशी बाबाजींची जीभ सैल सुटली. ते असंच व्हायचं. या वळणावर नूरमहंमद घंटी न मारता पुढे यायचा, पानाची पुडी सोडायचा आणि म्हणायचा, बाबाजी, खिंड उतरलो की माझ्या मुलुखाचा वारा लागतो बघ.

"तुझ्या बापाला दुपारी रोह्यात शिरताना खिडक्या उघड्या लागायच्या. दुपारचा खाडीचा वारा सुटतो ना. पासिंजर ओरडायचे, तिकिटं उडतात म्हणून. ऐकतो कोण!"

हफ्सा हसली. वडिलांबद्दल ती क्वचितच बोलायची, पण ऐकायला तिला आवडायचं.

"आणि ही लॅब म्हणजे पूर्वीचा अप्पा टिपणिसांचा दवाखाना," बाबाजी म्हणाले. "माझी आत्या अष्टमीत राहायची. सुट्टीत मला ताप आला की तिथेच. अप्पा आत तपासायचे आणि औषध मिळायचं मागल्या गल्लीत, खिडकीतून. गुलाबी मिक्श्चर! बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, एक खाच म्हणजे एक डोस. खिडकीत कंपाउंडर जगन. गरिबाकडे पैसे नसले की अप्पा आतून नुसतं खोकायचे. जगनला कळायचं, घेऊ नको म्हणून. पोह्यांची गिरण समोरच, तिच्या धडधडीत आम्ही रांगेत उभे. औषध घेऊन निघालो की गिरणवाला गरम पोहे द्यायचा मूठभर."

"जगन म्हणजे प्रतिक्षाचे जगनतात्या?"

"तेच असणार. पंच्याहत्तरीला आले असतील."

लॅब बाहेरून चकचकीत झाली होती, पण पायरीचा दगड तोच होता. बाबाजींनी त्यावर पाय ठेवला आणि क्षणभर तिथेच उभे राहिले.

डॉक्टर नमिता टिपणीस अप्पांची धाकटी मुलगी. चेहऱ्यावर जागरण दिसत होतं. "प्रतिक्षा मला मुलीसारखी," त्या म्हणाल्या. "कॅबिनेट मी तेव्हापासून बंद ठेवलंय. कुणी हात लावलेला नाही. मला कुणाला फाशी द्यायचं नाही हो, फक्त कळायला हवं."

"कामाची व्यवस्था कोण बघतं?"

"प्रविण. सुरक्षेची जबाबदारीही त्याचीच. मी आठवड्यातले दोन दिवस पुण्याला शिकवायला जाते."

प्रविण शेडगे पस्तिशीचा, नीटनेटका माणूस. त्याने त्यांना आतल्या खोलीत नेलं. खोली लांबट होती. खिडक्या काच लावून कायमच्या बंद केलेल्या, दार आतल्या व्हरांड्यात उघडणारं. एका टोकाला कॅबिनेट. त्याच्या डाव्या अंगाला, गल्लीकडच्या भिंतीला लागून, हातमोज्यांच्या खोक्यांनी भरलेला उंच रॅक. खोली इतकी शांत, की बाबाजींना स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"हा पुरावा," म्हणत प्रविणने मोबाईल पुढे केला. "मुंबईवाल्यांची तपासणी. मी स्वतः चित्रण केलंय."

चित्रात इंजिनिअरच्या हातातल्या नळीतून पांढरा धूर निघाला. फटीपाशी पोचला, थरथरला, उजवीकडे वाकला आणि वळून चक्क बाहेर आला. इंजिनिअरच्या तोंडासमोरून वर गेला. मागे गिरणीची धडधड चालली होती.

बाबाजी खुलले. "अजून चालते व्हय गिरण? मला वाटलं बंद पडली असेल!"

"चालते की. रविवार सोडून रोज," प्रविण म्हणाला.

"तपासणीच्या वेळी इथे कोण कोण होतं?" हफ्साने विचारलं.

"मी आणि ते इंजिनिअर, बस्स. मॅडम पुण्याला होत्या. प्रतिक्षा इस्पितळात. जगनतात्यांना मी सकाळीच नागोठण्याला नमुने आणायला पाठवलं होतं, ते संध्याकाळी आले. कुणी ढवळाढवळ केली असं म्हणायला जागाच नको, म्हणून इतर कुणाला मी खोलीत येऊ दिलं नाही."

"चांगलं केलंत. आणि अलार्म? प्रतिक्षा म्हणत होती, दुरुस्त करून घेतलात."

"अलार्म?" तो जरासा थांबला. "किरकोळ होतं ते. लूज कनेक्शन."

हितेश परस्पर रोह्याला पोचला होता; हफ्साने डॉक्टरांची परवानगी घेऊन त्याला कॅबिनेट तपासायला लावलं. त्याने पंखा सुरू केला, हवा स्थिरावू दिली, हवेचा वेग मोजायचं यंत्र फटीपाशी जागोजाग धरलं. मग धूर सोडला.

धूर रेशमाच्या धाग्यासारखा सरळ आत गेला.

प्रविणचा चेहरा ताठ झाला. "याने काहीतरी केलं असणार आत्ता. पंख्याशी खेळला असेल!"

"मी सगळ्यांसमोर काम केलंय," हितेश म्हणाला. मग त्याने समोरची काच हाताने वर केली आणि कान देऊन थांबला. काहीच झालं नाही. "हे मात्र चूक आहे. काच वर केली की अलार्म वाजायला हवा. याचा सेन्सर पेटीच्याच बाजूच्या पत्र्यात आहे. समोरची हवा कमी झाली, बाजूने झोत आला, तरी ओरडतो. दिवाळीनंतर मी तपासलं तेव्हा चांगला ठणठणीत वाजला होता."

"तुम्ही म्हणणारच तसं," प्रविण पुटपुटला.

हफ्सा खाली वाकून कॅबिनेटच्या डाव्या पायापाशी बघत होती. तिने बोटाने काहीतरी टिपलं. पिवळसर भुसा. "चाचा, हे काय?"

बाबाजींनी डोळे बारीक केले. "कोंडा. पोह्याच्या गिरणीतला. सगळ्या गल्लीत उडतो तो." वाकण्यासाठी त्यांनी रॅकला हात टेकला होता. रॅक हलकेच घरंगळला आणि बाबाजी पडता पडता वाचले. "अरे देवा! याला चाकं हायत होय?"

बाकीच्या रॅकना चाकं नव्हती. हफ्साने रॅक होता तिथे परत ढकलला.

व्हरांड्यात जगनतात्या बाटल्या धूत होते. बाबाजींनी ओळख सांगितली तसा म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "आक्काचा भाचा! मिक्श्चर कडू लागतं म्हणून रडायचास. मी वर एक लिमलेटची गोळी द्यायचो."

"ती खिडकी हाय का हो अजून?"

तात्यांचा बाटलीवरचा हात थांबला. "हाय कुठं बाबा. अप्पा गेले, नवीन बांधकाम झालं, भिंतीत गेली. आता कोन विचारतो खिडकीला."

"रोज दुपारी तुम्ही इथेच असता, तात्या?" हफ्साने विचारलं.

"व्हय. सगळी जेवायला जातात. मी आणि प्रतिक्षा, आम्ही दोघं मागं राहायचो. पोर कामाची. डबा पण मशिनीजवळच्या खोलीत... म्हंजे बाहेर खायची. बाहेर."

दोघं मागच्या गल्लीत गेले. गिरणीची धडधड छातीत घुमत होती. उन्हात कोंड्याचे कण तरंगत होते, आणि खाडीकडून येणारा वारा ते सरळ लॅबच्या भिंतीवर नेऊन टाकत होता. भिंतीत हिरव्या फळ्यांची एक लहानशी झडप होती.

"हीच!" बाबाजी ओरडलेच. "हीच ती! तात्या म्हणाले भिंतीत गेली..."

त्यांनी दगडी उंबरठ्यावर हात फिरवला. किती कोपरं टेकून तो दगड गुळगुळीत झाला होता! शेजारच्या खिडक्यांवर कोळिष्टकं होती आणि कोंड्याचा थर होता. झडपेचा दगड मात्र स्वच्छ होता. हफ्साने बिजागरीला बोट लावून वास घेतला. "खोबरेल."

"जीव आहे त्यांचा हिच्यावर," बाबाजी गहिवरून म्हणाले. "अजून तेलपाणी करतात. म्हातारं माणूस, आठवणीच जपणार."

भिंतीच्या सावलीत एक बाई उकिडवी बसली होती. मिठागरात रापलेलं अंग, कमरेला खोचलेला पदर.

"कुठून आलीस गो?" बाबाजींनी विचारलं.

"खाडीवरून. हौसा मी. कोंडा न्यायला आलेय, कोंबड्यांना."

"गिरणीचं दार तर तिकडे."

"बसलेय जरा. ऊन लय हाय." तिने पदर सावरला. तिच्याकडे पोतं नव्हतं. पदराआडून प्लॅस्टिकच्या डबीचं लाल झाकण तेवढं दिसलं.

हफ्सा गाडीत बसली. गाडी भिसे खिंडीला लागली, तशी ती म्हणाली, "चाचा, उद्या दुपारी सगळ्यांना त्या खोलीत बोलवायचं. गिरण चालू असताना."

"कोडं सुटलं?"

"कॅबिनेटचं सुटलं. माणसांचं उद्या."

बाबाजींनी रात्रभर डोकं चालवलं. काहीच हाती लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे आतल्या खोलीत जमले. डॉक्टर नमिता, प्रविण, जगनतात्या, हितेश. बाबाजी दाराशी उभे राहिले.

"सगळ्यांनी जरा गप्प राहा," हफ्सा म्हणाली. "काय ऐकू येतं?"

कॅबिनेटच्या पंख्याची गुणगुण. बाकी काही नाही.

"गिरण?"

"भिंत जाड आहे," नमिता म्हणाल्या. "काचाही बंद. इथे नाही येत आवाज."

"प्रविण, काल दाखवलंत ते चित्रण लावा."

मोबाईलमधून धडधड बाहेर पडली. काल हा आवाज ऐकून आपण खुश झालो, आणि तो या खोलीत यायलाच नको होता हे आपल्या ध्यानातही आलं नाही!

"हितेश, धूर धरा," हफ्सा म्हणाली. धूर सरळ आत जाऊ लागला. हफ्साने चाकांवरचा रॅक बाजूला ओढला. मागे हिरवी झडप होती. तिने कडी काढून झडप उघडली आणि रॅक परत जागेवर ढकलला.

गिरणीचा गडगडाट खोलीत शिरला. पाठोपाठ खोक्यांच्या फटींतून खाडीचा वारा. धूर थरथरला, उजवीकडे वाकला, वळून बाहेर आला आणि हितेशच्या तोंडावरून वर गेला. त्या चित्रणात होता तसाच, हुबेहूब.

हफ्साने रॅक सरकवून झडप लावली. धूर पुन्हा आत वळला.

"यंत्रात दोष कधीच नव्हता," ती म्हणाली. "हवेचा पडदा नाजूक असतो. बाजूने झोत आला की फाटतो. हितेश रविवारी यायचे, तेव्हा झडप बंद. म्हणून त्यांचा दाखला खरा. मुंबईवाल्यांनी जे पाहिलं तेही खरं, कारण तेव्हा ती उघडी होती. बंद खोलीत कॅबिनेटच्या पायाशी कोंडा सापडला, तेव्हाच गल्लीकडच्या भिंतीत वाट असणार हे कळलं. चाचांनी ती वाट मला रस्त्यातच सांगितली होती. चाकं फक्त एकाच रॅकला होती. जी खिडकी भिंतीत गेली म्हणतात तिच्या बिजागरीला ताजं खोबरेल होतं. आणि कोंडा न्यायला आलेल्या बाईकडे पोतं नव्हतं, नमुन्याची डबी होती. तात्या, पुढचं तुम्ही सांगता का?"

जगनतात्या खाली बघत होते.

"ताई, अप्पा असते तर त्यांना कुनी परत पाठवलं नसतं," ते नमिताला म्हणाले. "मिठागरावरची मानसं. खोकून खोकून रगत पडतं. सरकारी दवाखान्यात जायचं तर रोज बुडतो. हितं पैशे लागतात. समोरून आली की प्रविणसाहेब परत लावायचे. थंडी लागली तसं मी प्रतिक्षाला म्हनलं, पोरी, दुपारी खिडकी उघडतो, तू तपासशील का? ती लगेच व्हय म्हनली. मी डब्या घ्यायचो, ती तपासायची. औषध चालू झालं कितीकांचं. पोर आजारी पडली तरी मानसं अजून डबी घेऊन येतातच. वाऱ्याचं मला काय ठावं? मला ठावं असतं तर मी हात तोडून घेतला असता हो!"

ते मटकन खाली बसले. बाबाजी पुढे झाले आणि त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसले. सगळ्या बालपणाची गोड आठवण असलेली ती खिडकी, आणि तिनेच एका पोरीची छाती पोखरली. बाबाजींनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे सगळं यांच्यामुळे," प्रविण म्हणाला. "मॅडम, मी पहिल्यापासून सांगत होतो, म्हाताऱ्याला घरी बसवा."

"थांबा," हफ्सा म्हणाली. "एक प्रश्न राहिलाय. मुंबईवाले आले त्या दिवशी झडप कुणी उघडली?"

प्रविण मोबाईल खिशात घालू लागला.

"तात्या सकाळपासून नागोठण्याला होते. प्रतिक्षा इस्पितळात. मॅडम पुण्यात. हे तुम्हीच सांगितलंत, प्रविण. खोलीत तुमच्याशिवाय लॅबचं कुणीही नव्हतं. रॅकच्या मागे झडप उघडी होती, आणि ती तुम्ही आधीच उघडून ठेवली होती. म्हणजे धूर कशाने उलटतो ते तपासणीच्या आधीपासून तुम्हाला ठाऊक होतं."

"कशावरून? वाऱ्याने उघडली असेल."

"कडी आतून आहे. आणि अलार्म बघा. थंडीत रोज दुपारी तो वाजायचा. यंत्र बोंबलून सांगत होतं, बाजूने वारा येतोय. तुम्ही लूज कनेक्शन दुरुस्त केलं म्हणालात. दुरुस्त केलेला अलार्म काच वर केल्यावर वाजायला हवा ना? हितेश, ते झाकण काढा."

हितेशने बाजूचं झाकण काढलं. सेन्सरची वायर तोडून तिची टोकं काळ्या पट्टीने नीट गुंडाळली होती.

नमिता प्रविणकडे बघत राहिल्या. "का रे?"

प्रविणने कपाळावरचा घाम पुसला. "रोज वाजायचा, मॅडम. काम थांबायचं. रिपोर्ट उशिरा, पेशंटच्या शिव्या मला. वाटलं, सेन्सरच खराब आहे. तोडला. प्रतिक्षा आजारी पडली तेव्हा मी एका दुपारी परत आलो, तात्या खिडकीत उभे. अलार्म का वाजायचा ते तेव्हा कळलं. वायर तोडलेली बाहेर आली असती तर मी जेलमध्ये गेलो असतो. मला दोन लहान मुलं आहेत, मॅडम. वाटलं, दाखलाच खोटा ठरला तर..."

"तर हितेश रस्त्यावर," हफ्सा म्हणाली. "खिडकी तात्यांनी उघडली, हे खरं. पण यंत्राने वेळेवर हाक मारली होती. ती हाक ऐकू आली असती तर पोरीने तिथल्या तिथे झडप लावायला सांगितली असती. तुम्ही त्या हाकेचा गळा दाबलात, आणि कळल्यावर स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधलीत."

प्रविण खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

नमितांनी आधी मुंबईच्या कंपनीला फोन लावला, मग लॅबला मान्यता देणाऱ्या कार्यालयाला. घडलेलं सगळं त्यांनी सांगितलं. आपल्या भिंतीतली झडप आपल्याला वर्षानुवर्षं दिसली नाही, हेही लपवलं नाही. प्रविणचं जे व्हायचं ते चौकशीत होणार होतं. तोवर त्याने यंत्रांना हात लावायचा नव्हता. प्रतिक्षाच्या औषधपाण्याची जबाबदारी लॅबची.

"आणि मिठागरावरची माणसं पुढच्या दाराने येतील," त्या तात्यांना म्हणाल्या. "व्हरांड्यात टेबल मांडू. तिथे तुम्ही बसायचं. पैसे नसले तर नसले. अप्पांचीच लॅब आहे ही. मीच विसरले होते."

गवंडी बोलवायची गोष्ट निघाली तेव्हा तात्या म्हणाले, "नको. मी उघडायचो, मीच लावनार." बाबाजींनी फळी धरली आणि तात्यांनी एकेक खिळा ठोकला. शेवटच्या खिळ्याआधी ते फटीतून गल्लीत डोकावले, आणि हौसाला हाक मारून म्हणाले, "पुढून ये गो. भिऊ नको. पुढून ये."

हमरापूरला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. हफ्साने प्रतिक्षाला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. खिडकीचा भाग आला तेव्हा तिने डोळे मिटले. वायरचा आला तेव्हा उघडले.

"तात्यांना सांगा, मी कुणाच्या सांगण्याने नाय केलं," ती हळू आवाजात म्हणाली. "मला पटलं म्हणून केलं. बाजूचा वारा वाईट हे आम्हाला शिकवलेलं असतं, ताई. रॅक मध्ये आहे, अलार्म गप्प आहे, म्हणून मी मनाची समजूत घातली."

पडवीत भावाने एक मूर्ती उचलून आत नेली, दुसरी आणून ठेवली.

"ताई, हितेशचा नंबर हाय माझ्याकडे," ती म्हणाली. "पण त्याने माझं नाव बघून फोन नाय उचलला तर?"

"लावून तर बघ."

तिने लावला. पलीकडून लगेच आवाज आला. मास्कमुळे तिचे शब्द गुदमरत होते, म्हणून तिने मास्क खाली ओढला. तिचा सबंध चेहरा बाबाजींनी तेव्हाच पहिल्यांदा बघितला. किती लहान होती ती!

"मी प्रतिक्षा बोलतेय," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी तुम्हाला खोटारडे म्हणाले होते..."

पलीकडे हितेश काय म्हणाला ते बाबाजींना ऐकू आलं नाही. प्रतिक्षा ऐकत राहिली, मान हलवत राहिली. मग नाक पुसून म्हणाली, "व्हय. पावसाळा संपेल तोवर होईन बरी. मी कामावर येईन त्या दिवशी तुम्ही या. माझ्यासमोर धूर सोडा. मला तो आत जाताना बघायचाय."